सामू ८.२ आला म्हणून माती आजारी ठरत नाही

जून जवळ आला की परसबागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मथळा: ‘माती परीक्षणाचा अहवाल स्वतः वाचा, माती स्वतः दुरुस्त करा.’ त्याचं सार असं. सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर माती आजारी, जिप्सम टाकून तो ६.५ वर आणा. मातीवर व्हिनेगर ओतल्यावर बुडबुडे आले तर आजार पक्का. नत्र (नायट्रोजन) ‘कमी’ लिहिलं असेल तर दर रोपाला मूठभर युरिया. पालाशसाठी (पोटॅशसाठी) चुलीची राख आणि केळीची सालं. पानं पिवळी पडली की बुंध्याशी हिराकस (लोहाचं सल्फेट). आणि काळी माती भुसभुशीत करायची तर वाळू मिसळा.

माती तपासून घ्या, हा त्यातला सल्ला सोन्यासारखा आहे. बाकीचं वाचून परभणी-लातूरकडचा माणूस दुकानात गेला तर पिशवी भरून येईल, पण त्यातलं बहुतेक त्याच्या मातीला नको असलेलं असेल.

बोलायला आकडे हाताशी असावेत म्हणून आपल्याकडच्या काळ्या मातीचा एक अहवाल कल्पनेनंच मांडू. सामू ८.२. क्षारता ०.३. सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के. उपलब्ध नत्र हेक्टरी १७० किलो, स्फुरद (फॉस्फरस) ३४, पालाश ५१०. जस्त दशलक्ष भागांत ०.५, लोह ३.९. मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात माती तपासणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

‘सामू ७ पेक्षा जास्त म्हणजे माती आजारी’

हे वाक्य जिथं पाऊस भरपूर आणि माती आंबट, तिथून आलं आहे. तिथल्या बागकामाच्या व्हिडिओत ६ ते ७ हा आदर्श पट्टा सांगतात आणि तिथं ते बरोबरही आहे. त्यासाठी परदेशात जायला नको. रत्नागिरीत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस जांभ्या जमिनीतला चुना धुऊन नेतो, म्हणून कोकणातल्या आम्ल जमिनीला चुना द्यावा लागतो. आपली जमीन काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन झालेली. त्या दगडातच कॅल्शियम भरपूर. वर पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, तोही मध्येच दडी मारणारा. एवढ्या पाण्यात चुना वाहून जात नाही, खालच्या थरात साचतो. विहीर खणताना निघणारे चुनखडीचे पांढरे खडे सगळ्यांनी पाहिले असतील. ज्या मातीत असा मुक्त चुना आहे तिचा सामू ८ ते ८.३ च्या आसपासच राहतो. तो त्या चुन्यानं धरून ठेवलेला असतो, कुणी बिघडवलेला नसतो.

या सामूत ज्वारी, तूर, हरभरा, कापूस पिढ्यानपिढ्या येतात. परसबागेतली मेथी, पालक, बीट, शेवगा, डाळिंब, सीताफळ यांना त्याची फारशी तक्रार नाही. तक्रार असते ती अनंत, इक्झोरा असल्या झाडांची. त्यांना कुंडीत वेगळं मिश्रण द्यावं. एका अनंतासाठी सगळी बाग बदलायला जाणं परवडणारं नाही.

म्हणून ८.२ चा काहीच परिणाम नाही असंही नाही. स्फुरद चुन्याशी बांधला जातो, जस्त आणि लोह मुळांना कमी मिळतं. अहवालात जस्त ०.५ आणि लोह ३.९ आलंय ते याच कारणानं. पण त्याचा इलाज जस्त देणं आणि कर्ब वाढवणं हा आहे. सामूशी कुस्ती खेळून काही हाती लागत नाही.

‘जिप्सम टाका, सामू उतरेल’

या कलमानं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथं थोडं थांबतो.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते ना आम्ल, ना अल्क. त्याचं खरं काम चोपण जमिनीत आहे. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. पाऊस पडला की पाणी गढूळ होऊन वर उभं राहतं, वाळलं की कडक पापुद्रा येतो, खुरपं शिरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावतं आणि नंतर दिलेल्या पाण्यानं तो खाली निघून जातो. सोडियम गेला की सामूही उतरतो. म्हणजे सामू उतरवण्याची किमया फक्त तिथं, जिथं तो सोडियममुळं चढलेला असतो.

आपल्या अहवालात तो चढलाय चुन्यामुळं. कॅल्शियमनं भरलेल्या मातीत आणखी कॅल्शियम ओतून सोडियम निघणार कसा, मुळात तो तिथं नाहीच! जमीन चोपण आहे की नाही हे ठरवायला सामू पुरत नाही. तो ८.५ च्या वर गेला तर शंका घ्यावी आणि प्रयोगशाळेत विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेल्या, सोडियमचं प्रमाण काढून घ्यावं. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम. जायकवाडी किंवा पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात, जिथं वर्षानुवर्षं पाटाचं पाणी तुंबलं, तिथं अशा जमिनी काही ठिकाणी आहेत. तिथल्या शेतकऱ्यानं जिप्सम टाकलं म्हणून संभाजीनगरच्या बंगल्याच्या बागेत टाकायचं कारण नाही.

चोपण आणि खारवट यांचीही गल्लत होते. खारवट जमीन क्षारतेच्या आकड्यावरून कळते. नेहमीच्या अहवालात ती १ च्या आत असेल तर निर्धास्त राहा. आपला ०.३ आहे. ती वाढली तर उपाय म्हणजे चांगलं पाणी आणि निचरा. तिथंही जिप्समची पिशवी उपयोगाची नाही. मात्र बोअरचं जड पाणी आणि आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी वर्षानुवर्षं त्याच वाफ्याला जात असेल तर आधी त्याचा विचार करा. आरओच्या त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात.

गंधक अहवालात दशलक्ष भागांत दहापेक्षा कमी असेल तर जिप्सम गंधकाचं खत म्हणून जरूर द्यावं. भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे कोंब) सुटताना देतात तेही योग्य. पण ते खत म्हणून. सामूचं औषध म्हणून नाही.

‘व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर आजार पक्का’

बुडबुडे खरे आहेत, निदान खोटं आहे. व्हिनेगरमधलं आम्ल मुक्त चुन्याशी भिडतं आणि कर्बवायू सुटतो. एवढंच. यातून मातीत मुक्त चुना आहे हे कळतं, आणि ते कळलं की सामू का उतरणार नाही हेही कळतं. मेसेज लिहिणाऱ्यानं स्वतःच्या विरोधातला पुरावा स्वतःच देऊन ठेवलाय.

हिशेब करून बघा. दहा बाय दहा फुटांचा वाफा, वरची १५ सेंटिमीटर माती. एवढ्या मातीचं वजन साधारण १.८ टन भरतं. त्यात मुक्त चुना फक्त ५ टक्के धरला तरी झाला ९० किलो. आम्लीकरणाला सर्वांत चालणारी गोष्ट म्हणजे गंधक. मातीतले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि एक किलो गंधक सुमारे तीन किलो चुना संपवतं. म्हणजे सामू हलायला सुरुवात होण्याआधीच जवळजवळ २९ किलो गंधक या एका वाफ्यात घालावं लागेल. आणि खालच्या थरातून, बोअरच्या पाण्यातून चुना येतच राहणार. व्हिनेगर तर त्याहून कुचकामी, त्यातलं आम्ल जिवाणू काही दिवसांत खाऊन टाकतात. सॅलडमध्ये घाला.

ज्या अहवालात मुक्त चुन्याची टक्केवारी वेगळी दिलेली असते तो जास्त कामाचा. मोसंबी-लिंबू लावायचा बेत असेल तर ती १० टक्क्यांच्या वर नसावी. जालना-अंबडकडं बाग लावण्याआधी जाणते लोक खड्ड्याच्या खालच्या थराची मातीही तपासून घेतात ती यासाठीच.

‘नत्र कमी, म्हणून दर रोपाला मूठभर युरिया’

हेक्टरी २८० किलोच्या खाली नत्र ‘कमी’ धरतात. मराठवाड्यात हा शेरा जवळपास प्रत्येक अहवालावर असतो, कारण ऊन कर्ब जाळतं आणि नत्र कर्बाच्या आधारानं राहतं. त्या आकड्याकडं बँकेतल्या शिलकीसारखं बघू नका. २८० मधून १७० वजा केले, ११० कमी पडले, ते भरून टाकले, असा तो व्यवहार नाही. प्रयोगशाळेत ठरावीक रसायनानं जेवढं नत्र सुटलं तेवढं मोजलेलं असतं. ‘कमी’चा अर्थ एवढाच, की या मातीत पिकाला नत्र दिलं तर प्रतिसाद मिळण्याची शक्यता जास्त.

आता मुठीचा हिशेब. दहा बाय दहाच्या वाफ्यात दोन-दोन फुटांवर टोमॅटो लावले तर पंचवीस रोपं बसतात. मूठ ४० ग्रॅमची धरली तर एक किलो युरिया झाला. म्हणजे हेक्टरी एक टनाहून जास्त! कुठलंही कृषी विद्यापीठ टोमॅटोला एवढं सांगत नाही. शिवाय अल्कधर्मी मातीवर वरून फेकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो आणि राहिलेला मुळांना भाजतो. झाड गर्द हिरवं होतं, रसशोषक किडी जमतात, फुलं गळतात.

इथं एक सोपं सूत्र देतो. अहवालातल्या आणि कृषी विभागाच्या शिफारशी हेक्टरी किलोत असतात. हेक्टरी एक किलो म्हणजे शंभर चौरस फुटांना जवळजवळ एक ग्रॅम. हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे वाफ्याला १०० ग्रॅम, युरियात ते साधारण सव्वादोनशे ग्रॅम होतं, आणि तेही पूर्ण हंगामात तीन-चार हप्त्यांत, मातीत मिसळून, लगेच पाणी देऊन. चांगलं शेणखत पडत असेल तर त्याहून कमी. ज्यांना युरिया नकोच आहे त्यांनी निंबोळी पेंड आणि शेणखतावर भर द्यावा, फक्त परिणाम आठवड्यात दिसावा अशी अपेक्षा ठेवू नये.

‘पालाशसाठी राख आणि केळीची सालं’

२८० च्या वर पालाश ‘भरपूर’. आपल्याकडं ५१०. संपवायला घेतला तरी संपणार नाही एवढा. केळीची सालं कंपोस्टात टाका, चांगली कुजतील. राख मात्र टाकू नका, ती स्वतः अल्कधर्मी असते आणि ८.२ ला आणखी वर नेते. भांडी घासायला ठेवा.

‘पानं पिवळी पडली की बुंध्याशी हिराकस’

आधी कोणती पानं पिवळी आहेत ते बघा. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर भूक नत्राची. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे भुईमुगावर किंवा उसावर केवडा पडतो तसं, तर लोह. पानं बारीक, शिरांमधली जागा पिवळसर आणि पेरं आखूड, तर बहुधा जस्त.

लोहाची कमतरता खरीच असली तरी हिराकस बुंध्याशी टाकून भागत नाही. चुन्याच्या मातीत ते काही दिवसांत गंजाच्या रूपात अडकून बसतं. ते पानावर द्यायचं. लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी फवारायचं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. जमिनीतूनच द्यायचं असेल तर चिलेट, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह, घ्या, पण डब्यावरचं नाव वाचून. ईडीटीए प्रकारचं लोह आपल्या सामूत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. महाग आहे, पण दहा रोपांना फार लागत नाही.

आणि एक बघा. भर पावसाळ्यात काळ्या रानात पाणी साचलेलं असताना झालेली पिवळी पानं वापसा (जास्तीचं पाणी ओसरून मातीत हवा खेळेल अशी ओल) आल्यावर आपोआप हिरवी होतात. ओल्या मातीत मुळांना श्वास मिळत नाही म्हणून लोह घेता येत नाही. तिथं खताच्या आधी चर काढा. मेसेजच्या काही आवृत्त्यांत याच लक्षणावर एप्सम सॉल्ट सांगतात. बेसाल्टच्या मातीत मॅग्नेशियम सहसा भरपूर असतं, ते घरात ठेवून पाय शेकायला वापरा.

जस्ताचं काम सोपं आहे. ०.६ ही मर्यादा, आपला ०.५. हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट म्हणजे वाफ्याला २० ते २५ ग्रॅम. शेणखतात मिसळून एकदा दिलं की दोन-तीन हंगाम बघायला नको. ते डीएपी किंवा सुपर फॉस्फेट या स्फुरदाच्या खतांबरोबर मिसळू नका, दोघं एकमेकांना बांधून टाकतात.

डीएपीवरून आठवलं. मेसेजमध्ये स्फुरदाचा उल्लेखच नाही, आणि शहरी बागेत खरी गडबड बहुतेक तिथंच असते. कुंडी असो की वाफा, दर दोन महिन्यांनी ‘थोडं डीएपी’ टाकण्याची सवय. २५ च्या वर स्फुरद भरपूर धरतात, आपल्या अहवालात ३४. जास्तीचा स्फुरद जस्ताची वाट अडवतो. म्हणून या बागेचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डीएपी बंद. आकडा स्फुरदाचा आहे की त्याच्या ऑक्साइडचा, हे मात्र प्रयोगशाळेला विचारून घ्या, कारण २५ किलो स्फुरद म्हणजे ऑक्साइडच्या भाषेत ५७ किलो. या फरकानं ‘भरपूर’चं ‘मध्यम’ होऊ शकतं.

‘काळी माती भुसभुशीत करायला वाळू मिसळा’

काळ्या मातीत निम्म्याच्या आसपास चिकणमाती असते. ते प्रमाण निम्म्यानं खाली आणायचं तर मातीएवढ्याच वजनाची वाळू लागेल. आपल्या एका वाफ्याला १.८ टन, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या जवळ. वाळूचा आजचा भाव ज्याला माहीत आहे त्याला पुढं सांगायला नको. दोन-चार घमेली टाकल्यानं माती हलकी होत नाही, वाळू त्या चिकणमातीत रुतून बसते आणि उन्हाळ्यात ढेकूळ आणखी कडक होतं. गादीवाफा करा, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा आणि वापसा नसताना मातीत पाय घालू नका.

राहिला कर्ब, ज्याबद्दल मेसेज एका ओळीत ‘शेणखत टाकत राहा’ म्हणतो. इथं माझा वाद नाही, फक्त घाई करू नका. ०.४२ वरून ०.६० वर जायचं तर वाफ्यात सव्वातीन किलो कर्ब टिकून राहायला हवा. दोन घमेली, म्हणजे वीस-पंचवीस किलो कुजलेलं शेणखत घातलं तर त्यात अर्ध्याच्या आसपास पाणी, उरलेल्यात कर्ब जेमतेम तिसरा हिस्सा, आणि त्यातलाही मोठा भाग आपलं ऊन वर्षभरात जाळून टाकतं. म्हणून दर हंगामाला दोन घमेली, वर आच्छादन, आणि आकडा हलायला काही वर्षं. न कुजलेलं शेण टाकू नका, मुळं खाणाऱ्या हुमणीला आवतण मिळतं.

एवढं सगळं ज्या कागदावर उभं आहे त्या कागदाचंही थोडं. शेतासाठी मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून देतात. तिचा नमुना बागायतीत अडीच हेक्टरच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकटीतून घेण्याची पद्धत सुरुवातीला ठरली. म्हणजे तुमच्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याच्या रानातली असू शकते. कॉलनीतल्या बागेत तर हे आणखी बिघडतं, कारण तिथं मूळ जमिनीवर मुरूम, त्यावर बांधकामाचा राडारोडा आणि वर कुठून तरी आणलेली काळ्या मातीची ट्रॉली असते. सिमेंटचा चुरा सामू किती चढवतो हे कंपाउंडच्या भिंतीलगतच्या वाफ्याचा वेगळा नमुना काढल्यावर दिसेल.

म्हणून नमुना स्वतः काढा. खत घातल्यावर दोन-तीन महिने थांबा. मेचा पहिला पंधरवडा बरा. भिंत, झाडाचा बुंधा, कंपोस्टचा खड्डा सोडून आठ-दहा जागी वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा घ्या, कडेची एकसारखी चकती काढा, सगळं प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा. जस्त-लोह तपासायचं असेल तर गंजलेलं खुरपं आणि पत्र्याची घमेली चालत नाहीत. सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरू द्या. पिशवी खताची रिकामी वापरू नका. अर्जावर सामू, क्षारता, कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश यांबरोबर मुक्त चुना, जस्त, लोह आणि गंधक असंही लिहा, नाही तर पहिलेच सहा आकडे हातात पडतील. आणि ८.१ चा पुढच्या वेळी ८.३ झाला तर घाबरून दुकान गाठू नका. एवढा फरक नमुना कुठून उचलला यानंही पडतो.